उणे दहा पॉइंट चार

शिवराम घाडींच्या पदाला नाव नव्हतं. पगाराच्या कागदावर ते ‘ऑपरेटर’ होते, विम्याच्या कागदावर ‘मदतनीस’, आणि एकदा वरून तपासणी आली तेव्हा भाईंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांची ओळख ‘आमचे टेक्निकल हेड’ अशी करून दिली होती. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर शिवरामदादा माझ्या टेबलापाशी आले.

“बाय, हेडाक काय करूचा लागता गो?”

“काय नाय दादा. बसूचा लागता.”

“मगे माका नको,” म्हणाले आणि टाकीकडे परत गेले.

टाकी म्हणजे आमच्या बर्फाच्या कारखान्याचं पोट. देवबागच्या रस्त्याला, खाडीच्या कडेला हा कारखाना आहे. मी तिथे ऑफिस सांभाळत असे: टपाल, हजेरी, फोन आणि भाईंचा राग. टाकी लांबरुंद, वरून लाकडी फळ्यांनी झाकलेली. तिच्यात मिठाचं कडक पाणी, आणि ते यंत्राने शून्याच्या बरंच खाली नेलेलं. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी डब्यातून बर्फाची लादी निघते. खारं पाणी उणे दहाच्या आसपास राहिलं तर लादी आतपर्यंत गोठते. ते चढलं, तर लादी बाहेरून झकास दिसते आणि आत पाणी असतं. माणसांतही असा प्रकार आढळतो, पण माणसांवर कुणी मासे ठेवत नाही. पोकळ लाद्या घेऊन ट्रॉलर चार दिवस समुद्रात राहिला की परतीचा माल कसा आहे हे धक्क्यावर उभं न राहताही कळतं.

शिरामदादा (मालवणीत शिवरामाचा शिराम होतो, त्याला इलाज नाही) बारा वर्षं या टाकीचं तापमान वाचत होते. दर तासाला. टाकीजवळच्या भिंतीवर पीएलसी नावाची राखाडी पेटी होती. टाकीतले सेन्सर तिला तापमान कळवतात आणि ती त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करते. पेटीच्या तोंडावर बोटभर उंचीचा पडदा होता. खाऱ्या हवेने त्याची अशी दशा केली होती की आकड्यांच्या निम्म्या रेघा पेटतच नसत. तीन, आठ आणि नऊ यांतला फरक ओळखू शकणारा माणूस कारखान्यात एकच होता. दादा बटण दाबत, आकडा बघत, थांबत. परत दाबत, परत थांबत. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला तर कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहीत.

एकदाच विचारून मिळालेल्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसे. ते धामापूरच्या पलीकडच्या एका वाडीतले. स्कूटर बिघडलेली असली की एसटीने येत-जात. मालवणच्या स्टँडवर एकदा त्यांनी कंडक्टरला विचारलं, “धामापुराक जाता?” तो हो म्हणाला. चढून बसल्यावर विचारलं. तो हो म्हणाला. गाडी सुटल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, “आजोबा, गाडी माजी नाय, सरकारची आसा. सरकार जाता म्हणता.” दादांनी हे उत्तर मान्य केलं. सरकारने सांगितलंय असं नव्हे, कंडक्टर तीनही वेळा बदलला नाही, म्हणून.

विशेषणांशी त्यांचं वाकडं होतं. कुणी ‘पाणी खूप थंड आहे’ म्हटलं की विचारत, “खूप म्हणजे किती?” डॉक्टरने ‘थोडा ताप आहे’ म्हटलं तर तेच. मुलीसाठी स्थळ आलं, मध्यस्थ म्हणाला, मुलगा अगदी हुशार आहे. दादांनी शांतपणे विचारलं, “कोणी मोजल्यान?” मध्यस्थ उठून गेला. मुलीचं लग्न पुढे त्याच मुलाशी झालं. पण त्याआधी दादा मुलाच्या शाळेत जाऊन मास्तरांना भेटले होते, आणि मास्तरांनीही ‘बरा आहे’ असंच मोघम सांगितल्यामुळे आठ दिवस बेचैन होते.

अशा माणसाच्या राज्यात जुलै महिन्यात पुण्याहून सल्लागार आले.

जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, म्हणून कारखानाही बंद. टाकीतलं खारं पाणी नुसतं पडून असतं. भाईंनी हीच वेळ निवडली, कारण एरवी यंत्राला हात लावायला सवड मिळत नाही. टाकीचं तापमान पीएलसीतून थेट वाचून हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आणि सगळ्यांच्या फोनवर दाखवायचं, असं ठरलं होतं. सल्लागार चाळिशीचे, उत्साही, मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट तिच्या मूळ आकारात सांगता येत नसे.

“काका,” ते पहिल्याच दिवशी दादांना म्हणाले, “तुमच्या कारखान्याचा आता डिजिटल जुळा तयार होणार.”

“जुळो?” दादा विचारात पडले. “म्हणजे आता दोगांका सांभाळूचा इला.”

सल्लागारांनी पीएलसीशेजारच्या खोलीत एक संगणक मांडला. त्यावरचं साधन बघायला मीही गेले होते, कारण मला वाटलं होतं की प्रोग्राम म्हणजे अगम्य ओळींचा ढिगारा असेल. तसं काही नव्हतं. पडद्याच्या डाव्या बाजूला रंगीत चौकटींची रांग. हवी ती चौकट ओढून मधल्या कोऱ्या जागेत आणायची, आणि एकीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत तार ओढायची. पहिली चौकट पीएलसीला विचारते, अमुक नंबरच्या कप्प्यात काय आहे? पीएलसी आकडा देते. तार तो आकडा दुसऱ्या चौकटीकडे नेते. दुसरी त्याला दहाने भागते, कारण पीएलसी पॉइंट जवळ बाळगत नाही. सत्तावीस पॉइंट चार अंश ती दोनशे चौऱ्याहत्तर म्हणून ठेवते. तिसरी चौकट तो भागलेला आकडा मोठ्या पडद्यावर धाडते. संपलं. बालवाडीतल्या मुलांना खेळायला द्यावं असं ते दिसत होतं, आणि याला सल्लागार ‘आर्किटेक्चर’ म्हणत होते.

दादा मागे हात बांधून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्या पाटाचा पाणी.”

“काय म्हणालात?”

“आमच्या पोफळीक पाणी लावतंव तसा. ओहोळातसून पाटात, पाटातसून ह्या आळ्यात, हयसून फुडच्या आळ्यात. मधी बांध घातलो तर फुडे जावचा नाय. बरोबर?”

“अगदी बरोबर!”

“आणि पयल्यात घाण इली तर सगळ्यांत जातली.”

सल्लागारांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि वही काढून हे लिहून घेतलं. पुढे त्यांच्या एका सादरीकरणात मी ते वाक्य पाहिलं. इंग्रजीत होतं, आणि खाली त्यांचंच नाव होतं.

आठवड्याभरात पहिली चाचणी झाली. पडद्यावर २७.४ उमटलं. दादांनी टाकीत काचेचा थर्मामीटर सोडून बघितला: सत्तावीस आणि वर थोडं. तीनदा बघितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाईंना भरून आलं आणि त्या भरात त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, “शिराम, आता तुका तासातासाक उठाक नको. नारळी पुनवेक उद्घाटन करूया. पडदो बरोबर चाललो की महिनाअखेर तू घराकडे आराम कर. खूप केलंस.”

बक्षीस द्यावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. खूप म्हणजे किती, हे दादांनी विचारलं नाही. “बरा,” एवढंच म्हणाले.

घरी त्यांची पोफळी होती, भात होतं, खाण्यापिण्याला कमी नव्हतं. पण टाकीशिवाय हा माणूस दिवसभर काय करणार, याचा आकडा कुणी काढला नव्हता. दुपारी ते सल्लागारांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “माका ह्या शिकवा.”

मी नंतर विचारलं, “दादा, कित्याक?”

“माज्या जागेर कोण येता ता बघूक नको?”

पुढचे तीन आठवडे शिकवणी चालली. सल्लागार देवबागला एका घरगुती हॉटेलात उतरले होते. ते अकराला, माशांचं जेवण काय आहे याची चौकशी करून येत. दादा आठपासून संगणकासमोर. दोन बोटांनी टाइप करत, चष्मा नाकाच्या टोकावर. प्रत्येक चौकटीला आपल्याला हवं ते नाव देता येतं, हे कळल्यावर त्यांनी सल्लागारांची इंग्रजी नावं पुसून टाकली. पहिल्या चौकटीचं नाव झालं ‘हयसर इचार’. दुसरीचं ‘धान भाग’. तिसरीचं ‘भायर सांग’. सल्लागार हसले, पण एकदा दादा नसताना काहीतरी बिघडलं, तेव्हा मला दिसलं की तेही पुटपुटत होते, “हयसर इचार... हयसर इचार बरोबर आहे... मग धान भाग...”

दोघांचं भांडण एकदाच झालं, पण ते सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.

सल्लागारांनी एक नवी चौकट ओढून आणली होती. तिच्यातून पीएलसीच्या कप्प्यात आपला आकडा लिहिता येतो. म्हणजे भाईंना मुंबईत बसून फोनवरूनच टाकीचं तापमान बदलता येईल. भाई खूष होते. दादा खुर्चीतून उठले.

“ही काढा.”

“अहो काका, पॉवरफुल फीचर आहे.”

“इचारा. कितीव इचारा. पण तेका सांगू नकात.”

“का पण?”

इथे थोडं सांगायला हवं. दादांच्या गावच्या देवळात कौल लावतात. देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, घाडी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, जमलेले लोक ओळीओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि कुठली पाकळी पडते त्यावरून उत्तर समजायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायचा मान घाडींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता तो दादांच्या थोरल्या भावाकडे होता. मी स्वतः या बाबतीत कोरडी आहे. पण त्या दिवशी दादा जे बोलले त्याच्याहून सोप्या शब्दांत ती गोष्ट सांगणारा इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही.

“आमी देवाक कौल इचारतंव,” ते म्हणाले. “घटकाभर वाट बघतंव. फूल पडाक नाय तर परत इचारतंव. पण देवाचो हात धरून फूल पाडणंव नाय. मुंबैत बसान तुमका टाकी दिसता? डबे भरलेले आसत की रिकामे, ता दिसता? मगे तिका कित्याक सांगतास?”

सल्लागार संगणकाकडे वळले. मग ती चौकट पुसून म्हणाले, “ओके. रीड-ओन्ली.”

“तुमी काय म्हणशात ता म्हणा,” दादा म्हणाले आणि बसले. भाई नाराज झाले, पण देवाचा विषय निघाल्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

श्रावण आला. सल्लागार काही कामासाठी पुण्याला गेले. ते उद्घाटनाच्या सकाळीच परतणार होते. हॉलमधला पडदा लाल कापडाने झाकला. आणि मोसम तोंडावर म्हणून कारखाना सुरू झाला, टाकी थंड होऊ लागली.

दादांची वही रोज संध्याकाळी माझ्याकडे येत असे. त्या दिवसांत त्यांनी पानावर दोन रकाने पाडले होते. एकावर लिहिलं होतं ‘डोळ्यान’, दुसऱ्यावर ‘पडद्यान’. पहिल्यात पेटीवरचा आकडा, दुसऱ्यात संगणकातला. दिवसभर दोन्ही सारखे उतरत गेले होते: १२.६, १२.६. मग ७.१, ७.१. मग ०.३, ०.३. त्याच्या पुढची ओळ अशी होती: उणे ०.१ आणि ६५५३.५. त्याच्या पुढची: उणे २.० आणि ६५५१.६.

“दादा, ह्या काय?”

“मोटो आकडो.”

“संगणक बिघडलो?”

“बिघडूक नाय. तेका उणे कळणां नाय. शून्याच्या खाली गेला की वरसून मोजूक लागता. सायबान तपासल्यान तेवा पाणी सत्तावीस होता. शून्याखाली जावक टाकी चालूच खंय होती?”

बर्फाच्या कारखान्याचा पडदा, आणि शून्याखाली तो कसा वागतो हे कुणीच तपासलं नव्हतं. मासेमारीच्या बंदीत सगळं वेळेवर, शिस्तीत आणि टाळ्यांच्या गजरात पार पडलं होतं.

“कोणाक सांगलास?”

“कोणी इचारूक नाय,” दादा म्हणाले आणि पेन्सिल कानामागे ठेवली.

मी वही बंद करून कपाटात ठेवली. पडदा फसला तर दादा राहणार, पडदा चालला तर दादा जाणार. हिशेब सरळ होता, आणि तो त्यांनाही कळत होता, मलाही. सचोटीबद्दल मी आयुष्यात बरंच वाचलेलं आहे. त्या संध्याकाळी त्यातलं काहीही आठवलं नाही.

नारळी पौर्णिमेला सकाळी हॉल भरला. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे ट्रॉलरवाले उभे. जिल्ह्यातले एक वजनदार गृहस्थ प्रमुख पाहुणे होते; ते तासभर उशिरा आले, म्हणजे वेळेवर. सल्लागार कोट घालून आले होते. त्या उकाड्यात कोट घातलेला तो एकच माणूस होता, आणि त्याचं फळ त्याला मिळत होतं. पूजा झाली, नारळ वाढवला, प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली, लाल कापड खाली आलं.

६५४३.२ अंश सेल्सियस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आकडा मोठा होता, आणि मोठ्या आकड्याला टाळ्या वाजवायची आपल्याकडे सवय आहे. प्रमुख पाहुण्यांनी माइक घेतला. “सहा हजार पाचशे त्रेचाळीस!” ते म्हणाले. “आपल्या लाल मातीतल्या एका कारखान्याने आज केवढी झेप घेतली आहे, हे या आकड्यातून दिसतं. पुढच्या वर्षी आपण दहा हजारांवर जाऊ!” सूर्याचा पृष्ठभाग याच्यापेक्षा थंड असतो, असं मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं, म्हणून मी गप्प राहिले.

मागून एका ट्रॉलरवाल्याचा आवाज आला, “भाई, बरफाचा ऱ्हवांदे. ह्या आमच्या चुलीक धाडा!”

हॉल हसला. भाईंनी पडद्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. सल्लागार पडद्यापाशी गेले, तिथून संगणकाच्या खोलीत गेले, बाहेर आले, कपाळ पुसलं. “सेन्सर गेलेला दिसतोय,” ते म्हणाले. “खारी हवा, जुना माल. सेन्सर चुकीचं सांगतोय. सगळे बदलावे लागतील.”

भाईंनी हात झटकला. “काढा तो पडदो. नको माका.” मग खांबापाशी उभ्या असलेल्या दादांना म्हणाले, “शिराम, वही घेवन ये तुजी. तूच वाच, आदी वाचायचंस तसा. खंय जाव नको.”

झालं. आकड्यांनीच दादांची जागा राखली होती. त्यांनी फक्त वही आणायची होती. मी त्यांच्याकडे बघत होते. ते हलले नाहीत. हात मागे बांधलेले, नजर पडद्यावर. त्यांना कुणीही काही विचारलं नव्हतं.

“सेन्सर खोटा बोलणां नाय,” ते म्हणाले.

भरल्या हॉलमध्ये, न विचारता बोललेले शिरामदादा मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

“काका, आकडा बघा ना तुम्ही,” सल्लागार म्हणाले.

“सेन्सरान बरोबर सांगल्यान. पीएलसीन बरोबर ठेवल्यान. तुमी वाचलास चुकीचा.” मग लोकांकडे वळून म्हणाले, “माज्या स्कूटरचो किलोमीटरचो काटो शून्यार आसा समजा. तो एक घर उलटो फिरवलो तर काय दिसतला?”

“नव्व्याण्णव हजार नवशे नव्व्याण्णव,” मागून तोच ट्रॉलरवाला म्हणाला.

“म्हणान काय स्कूटर लाख किलोमीटर चलली? ती एक किलोमीटर मागे गेली. ह्या तसाच. मोटो आकडो दिसलो तर पुरो फेरो वजा करूचो.”

ते खोलीत गेले. सल्लागार मागे, मी त्यांच्या मागे. पडद्यावर चौकटींची ती ओळखीची ओळ होती, आणि खाली कोपऱ्यात एक जादा चौकट, कुठेही न जोडलेली. नाव होतं ‘उणे आसा काय?’ ती आधीच तयार होती. दादांनी ‘हयसर इचार’ आणि ‘धान भाग’ यांच्यामधली तार पुसली, ही चौकट मधे सरकवली, दोन तारा ओढल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. सल्लागारांनी ती चौकट उघडून आतलं वाचलं आणि खाली बसले.

हॉलमध्ये पडद्यावर आलं: उणे १०.४.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रमुख पाहुणे भाईंच्या कानाशी वाकून काळजीने म्हणाले, “एकदम इतकं कमी झालं?” मग खोलीच्या दारातून सल्लागारांनी टाळी वाजवली, एकट्यानेच, आणि थांबले नाहीत. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

खुर्च्या गोळा करताना मी दादांना गाठलं. “दोन दिस गप ऱ्हवलास. आजून एक दिस ऱ्हवला असतास तर?”

“गप ऱ्हवाचाच ठरवलेला. चौकट केलेली, पण जोडूक नाय.” ते खुर्च्या एकात एक घालत होते. “माका खोटो म्हटल्यानी असता तर चलला असता. तेनी सेन्सराक खोटो म्हटल्यानी. बारा वर्सां तासातासाक इचारलंय गो तेका. एकदाव फसवल्यान नाय.”

“आणि तुमची जागा?”

“जागा काय, टाकयेचीच आसा,” म्हणाले आणि खुर्च्यांची थप्पी उचलून गेले. हे उत्तर होतं की टाळाटाळ, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं नाही.

पडदा चालू लागला होता; भाईंनी महिनाअखेरच्या आरामाचा दिलेला शब्द मागे घेतला नाही, आणि दादांनीही तसं सुचवलं नाही. महिनाअखेरपर्यंत मात्र ते संगणकासमोर बसून होते. तापमान चढलं तर सगळ्यांच्या फोनवर संदेश जावा, एवढं सल्लागारांनी करून ठेवलं होतं. संदेशाचा मजकूर इंग्रजीत चार शब्दांचा होता. दादांनी तो बदलला. पहिला नवा संदेश मी पोळी लाटत असताना आला:

‘व्हय म्हाराजा! टाकयेचा पाणी आज उणे सातार इला आसा. कोणाच्या हातसून काय चूकभूल झाली आसात तर ती पोटात घालून, दोन नंबर कॉम्प्रेसराकडे मनीस धाडून, लादी पोकळ होवच्या आधी वाट दाखव म्हाराजा!’

भाई भडकले. ही काय थट्टा आहे, असं ते फोनवर मलाच विचारत होते. पण तेवढ्यात ग्रुपवरच्या ट्रॉलरवाल्यांची उत्तरं येऊ लागली: ‘व्हय म्हाराजा.’ ‘व्हय म्हाराजा.’ आणि चौथ्या ‘व्हय म्हाराजा’च्या आत कॉम्प्रेसरपाशी माणूस पोहोचला होता. इंग्रजी संदेश आठवडाभर येत होता, तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. भाईंनी गाऱ्हाणं चालू ठेवलं. सल्लागारांनी आपल्या सादरीकरणात त्याला ‘स्थानिक भाषेतील सूचना-स्तर’ असं नाव दिल्याचं मी ऐकलं.

निरोपाला शाल आणि श्रीफळ झालं. भाईंनी भाषणात त्यांना ‘कारखान्याचा आधारस्तंभ’ म्हटलं. दादांनी चुळबुळ करत ऐकून घेतलं, आणि शाल घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकून निघून गेले. नंतर फोन नाही, फेरी नाही. आमची खारी पेटी आपलं तापमान सांगत राहिली, आम्ही बघत राहिलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच थंडीत, मालवणच्या किनाऱ्यावर मासे विकायला बसतात तिथे. मी सुरमई बघत होते. पलीकडे दादा एका मासेवालीसमोर उकिडवे बसले होते, कापडी पिशवी हातात. बांगड्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बांगड्यांखालचा, आमच्याच कारखान्यातल्या बर्फाचा खडा त्यांनी उचलला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चावला.

“दादा, मासे घेतास की नुसतो बरफ खातास?” मासेवाली म्हणाली.

“गप ऱ्हव गो वायच.” मग त्यांना मी दिसले. “बाय! बरा झाला गावलंस. काल टाकी चढलेली. उणे आठ, साडेआठ. लादी ठिसूळ आसा, बघ.”

मी फोन काढला, कारखान्याचं पान उघडलं. काल सकाळपासूनची रेघ सरळ होती. “नाय दादा. काल दिवसभर उणे दहाच आसा. चढूकच नाय.”

“बघूया.” त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा खाली ओढला आणि रेघेवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडातला बर्फ विरघळेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते. मग एकदम हसले. एवढं मोठं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“मगे माजा चुकला,” ते म्हणाले. “ऐकलंस गो? माजा चुकला. टाकी बरोबर आसा.”

“माका काय तेचा?” मासेवाली म्हणाली. “बांगडे घेतास काय?”

पण दादा उठून शेजारच्या मासेवालीला ते सांगायला गेलेसुद्धा होते. तिला सांगून झाल्यावर ते तिच्या पुढचीकडे वळले. रांगेत मासेवाल्या बऱ्याच होत्या.